अण्णांनी बसवलेलं टायमिंग

अण्णांच्या गॅरेजात गाडी घेऊन जाणाऱ्याला आधी एक स्टूल मिळायचं आणि मग व्याख्यान. चहा मिळेलच याची खात्री नसे. उद्यमनगरातले बाकीचे गॅरेजवाले गिऱ्हाइकाला चहा पाजत, निवडणुकीचं बोलत, कुस्तीचं बोलत आणि बोलता बोलता गाडी खोलत. अण्णा तुम्हाला बॉनेटपाशी ओढत न्यायचे, तुमच्या हातात पाना द्यायचे आणि म्हणायचे, "हात द्या. फिरवा. हळू. हाताला काय लागतंय ते सांगा." इस्त्रीच्या शर्टातला एखादा वकील घड्याळाकडे बघत पाना फिरवतोय आणि शेजारी अण्णा डोळे मिटून उभे आहेत, असं दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. वकील पुढच्या वेळी दुसरीकडे जायचा. अण्णांना त्याचं काही नसे.

शटरच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूनं एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी मिटतो, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट कधी, हे सगळं त्या वर्तुळात. शटर खाली ओढलं की आकृती दिसायची, म्हणजे शिकवायची वेळ आली की भर दुपारी गॅरेज बंद. आत अंधार, एक बल्ब, आणि अण्णा खडू घेऊन कुणातरी रिक्षावाल्याला समजावतायत. रिक्षावाल्याला फक्त प्लग बदलून हवा असायचा.

ते शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. नदीवरच्या पाण्याच्या इंजिनांपासून त्यांची सुरुवात झाली होती. शिक्षण सातवीपर्यंत, तेही सीमेपलीकडच्या कानडी शाळेत, त्यामुळे मराठी वाचताना बोट ओळीखालून सरकायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम त्यांनी गॅरेजातही पाळला. सूर्य कलला की पाना खाली. एकदा एक ऊस बागायतदार जीप घेऊन आला होता, दोन बोल्ट आवळायचे राहिले होते. त्यानं हातापाया पडून बघितलं. अण्णा हात धुता धुता म्हणाले, "पावणं, जीप उद्या पण हाय. आजचा सूर्य न्हाय." आणि सायकलवर टांग मारून घरी गेले. बागायतदार मुक्कामाला राहिला. इंजिन चालू करण्यापूर्वी ते हवेच्या नळीवर टिचकी मारून थोडं थांबायचे, आत एखादी मुंगी असेल तर तिला बाहेर यायला वेळ मिळावा म्हणून. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

मी कोण, तर तेव्हा गावातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवणारा अधिव्याख्याता. वय सत्तावीस, पदवी ताजी, आवाज मोठा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या मुलांनी एक जुनी छोटी मोटार घेतली होती आणि तिचं इंजिन जास्त ताकदीचं करायचं ठरवलं होतं. त्यासाठी मी अण्णांकडे गेलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "सर, इनटेक कधी उघडतंय?"

मी पाठ केलेलं धाडकन सांगून टाकलं. पिस्टन वर पोचायच्या आधी इतके अंश, वगैरे.

"हे पुस्तकातलं झालं. तुम्ही आणल्याल्या ह्या इंजिनात कधी उघडतंय?"

मला माहीत नव्हतं. ते बघायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. अण्णा हसले नाहीत, त्यांनी मला खिजवलंही नाही. पण दारात माझी दोन मुलं उभी होती आणि त्यांनी ते ऐकलं होतं. ती बारीकशी चीड माझ्या मनात राहिली. पुढं जे झालं त्याचं मूळ शोधत गेलो की मी त्या स्टुलापाशीच येऊन थांबतो.

थोडं समजावून सांगायला हवं. इंजिनात पिस्टन खाली-वर पळत असतो आणि त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह उघडझाप करत असतात. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम. पिस्टनला खाली-वर करणारा खालचा क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा वरचा कॅम एक घेतो, आणि दोघांना एका दातेरी पट्ट्यानं बांधलेलं असतं. वेळ चुकली तर पिस्टन वर यायला आणि व्हॉल्व्ह खाली यायला एकच गाठ पडते. म्हणून कारखान्यातून येतानाच दोन्ही चाकांवर खुणा केलेल्या असतात. त्या खुणा जुळवल्या की टायमिंग बसलं, असं आम्ही मुलांना शिकवत होतो.

अण्णांचं म्हणणं होतं की आपण इंजिन बदललं की त्या खुणा आपल्या राहत नाहीत. आमच्या इंजिनाच्या हेडचा, म्हणजे व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागाचा, तळ त्यांनी मशीनवर घासून कमी केला होता, कॅमही जास्त उचल देणारा बसवला होता. "माळा चार बोटं खाली घेतला आन् शिडी तीच ठेवली, तर शेवटची पायरी कुठं येणार? खूण खोटं बोलत न्हाय सर. पर ती जुन्या घराची खूण हाय."

मग ते स्वतःची खूण काढायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक पितळी ताट होतं. लग्नात मिळालेलं. ते घेऊन ते बसनं हुपरीला गेले होते, पैंजणांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे, आणि त्याला काठावर तीनशे साठ रेघा मारायला सांगितल्या होत्या. कारागिराला वाईट वाटलं. "नक्षी काय बी न्हाय? नुसत्या रेघा?" त्यानं कंपासनं ताटाचे सहा भाग केले आणि एकेका भागात साठ रेघा कोरल्या. घरी येऊन अण्णांनी मोजल्या तर शेवटच्या भागात एकोणसाठ. दुसऱ्या दिवशी परत हुपरी. कारागीर म्हणाला, एका रेघेनं काय होतंय. अण्णांनी त्याला समोर बसून ताटाच्या पाठीवर सगळं नव्यानं करायला लावलं. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या ताटात आता ना जेवता येतंय ना फेकता येतंय. माझं माहेरचं ताट हो ते."

ते ताट क्रँकला लावायचं. प्लगच्या भोकातून एक बोल्ट आत सोडायचा, पिस्टन त्याला टेकेपर्यंत एका बाजूनं हळूच फिरवायचं, ताटावर रेघ बघायची. मग उलट्या बाजूनं फिरवून दुसरी रेघ. दोन्हीच्या बरोबर मध्ये पिस्टनचा खरा माथा. "वर पोचला की पिस्टन जरा दम खातोय," अण्णा सांगायचे. "नुसतं डोळ्यानं बघिटलं तर त्या दमात दोन-तीन डिग्री कुठं गेल्या कळत न्हाय." तिथून पुढं व्हॉल्व्ह किती उघडला ते बारीक मापानं बघत ते कॅम बसवायचे. लागलं तर कॅमच्या चाकाला नवं भोक पाडून चाकच थोडं वळवायचे. सगळं झालं की अक्कांच्या डबीतल्या लाल नेलपॉलिशनं स्वतःची खूण.

आणि शेवटी दोन फेरे. स्टार्टरला हात लावण्याआधी पूर्ण दोन फेरे हातानं. त्या वेळी सगळे प्लग काढलेले असले पाहिजेत, म्हणजे आत कोंडलेल्या हवेचा जोर हाताला लागत नाही आणि दुसरं काही अडत असेल तर तेवढंच कळतं. फेरे चालू असताना गॅरेजात कुणी बोलायचं नाही. "अडलं की थांबायचं," एवढाच नियम. "जोर लावायचा न्हाय. जोर लावणारा मेकॅनिक न्हवं, हमाल."

मी हे सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. आमच्या इंजिनाच्या चाकाला पाडलेल्या नव्या भोकाचंही अण्णांनी मला सांगितलं होतं. मी तेव्हा गॅरेजातल्या स्टुलावर बसून सत्रपरीक्षेचे पेपर तपासत होतो आणि "हं, हं" म्हणत होतो.

या माणसाला काय हवं होतं ते आता सांगतो. त्यांना शिकवायचं होतं. रिक्षावाल्याला आणि वकिलाला शिकवून त्यांचं मन भरत नव्हतं. आमच्याकडे कार्यशाळेत तासिकेवर निदेशकाची एक जागा रिकामी होती. मी प्राचार्यांकडे शब्द टाकला. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालं. प्राचार्य म्हणाले, "कागद नाही हो त्यांच्याकडे. पण तुमची गाडी विश्वस्तांसमोर नीट चालू द्या, मग मी बघतो काहीतरी."

मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी पाना पुसून जागेवर ठेवला. मग हळूच विचारलं, "सर, हजेरी आधी घ्यायची आसतीय, का शिकवून झाल्यावर?"

"आधी घेतात."

"आन् पोरं उभी ऱ्हात्यात न्हवं, आपण आत गेल्यावर?"

म्हटलं, राहतात. त्या आठवड्यात त्यांनी नवा पांढरा शर्ट शिवायला टाकला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळेच्या पहिल्या दिवसाची तयारी चालावी तशी त्यांची तयारी चालली होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यशाळेत येऊन त्यांनी टायमिंग बसवलं, प्लग काढून दोन फेरे फिरवले, प्लग परत बसवले, पट्ट्यावरचं झाकण लावलं आणि सूर्य कलायच्या आत घरी गेले. दुसऱ्या दिवशी विश्वस्त अकराला येणार होते. मी नऊलाच पोचलो. एक विश्वस्त इंजिनांतले जाणकार आहेत असं ऐकलं होतं, म्हणून त्यांना झाकण उघडून काय काय दाखवायचं याची मी मनात उजळणी करत होतो. झाकण काढलं आणि बघतो तर कारखान्याच्या खुणा जुळत नव्हत्या. वरच्या चाकाची खूण अर्ध्या दात्याहून जास्त सरकलेली. शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो मला दिसला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या क्षणी मला दोन गोष्टी वाटल्या. म्हाताऱ्याचं चुकलं, ही एक. आणि दुसरी, ती जास्त खरी, की बरं झालं चुकलं. ते स्टूल, दारातली ती दोन मुलं, सगळं आठवलं. मी पट्टा ढिला केला, एक दाता सरकवला आणि परत ताणला. आता कारखान्याची खूण बऱ्यापैकी जुळली. मग मी पाना घेऊन दोन फेरे फिरवले. प्लग काढायचा कंटाळा केला. दुसऱ्या फेऱ्यात एका जागी हाताला काहीतरी लागलं. कोंडलेली हवा मऊ लागते, दाबत जाऊन सुटते. हे बारीक होतं, कडक होतं आणि एकदम होतं. मला फरक कळला होता. मी स्वतःला सांगितलं की हवाच आहे, आणि थोडा जोर लावला. फेरा पूर्ण झाला. मी झाकण लावून हात धुतले.

अण्णा साडेदहाला आले, नव्या शर्टात, खिशाला पेन लावून. विश्वस्त आले, नारळ फुटला, मुलं गोळा झाली. अण्णांनी सवयीनं पाना उचलला. "प्लग काढून दोन फेरे बघतो," ते म्हणाले. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मी पुढं होऊन म्हटलं, "मी फिरवलेत, अण्णा. सकाळीच."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शिकवलेलं कुणीतरी केलं होतं. पाना खाली ठेवत ते प्राचार्यांना म्हणाले, "सरांनी फिरवलंय म्हंजे झालं."

त्यांनी नळीवर टिचकी मारली, थोडं थांबले आणि किल्ली फिरवली. इंजिन खडखडत चालू झालं. आवाज ऐकून अण्णांचा हात बंद करायला किल्लीकडे गेला, तेवढ्यात ते उसळलं, आतून घण मारल्यासारखे दोन आवाज आले आणि सगळं थांबलं. मुलांत कुणीतरी हसलं. प्राचार्य म्हणाले, "हे टायमिंग कुणी बसवलं?"

अण्णा झाकण काढून वाकले होते. लाल ठिपका एक दाता बाजूला गेलेला त्यांना दिसला. तो मलाही दिसला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, नीट समजून घ्यायला बघावं तसं. प्रश्न अजून हवेत होता. मी म्हणालो, "अण्णांनी बसवलं होतं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "मीच बसवलंतं."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी झाकण परत लावलं, चारही बोल्ट आवळले, हात पुसले आणि निघाले. जाणकार विश्वस्त इंग्रजीत काहीतरी बोलले, अर्धवट ज्ञानाबद्दल. मी मान डोलावली. होय, डोलावली.

महिनाभर मी उद्यमनगराच्या त्या गल्लीतून गेलो नाही. मग एकदा गेलो तेव्हा अण्णा बाहेर गेले होते. अक्का डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. शटरच्या आतली आकृती पुसलेली होती, ओल्या फडक्याचे फरकाटे तेवढे राहिले होते. मी विचारलं नाही, तरी त्या म्हणाल्या, "मी इचारलं त्यांना, बोलला का न्हाईसा म्हणून. तर म्हंत्यात, पोरांम्होरं मास्तराला खोटं पाडू ने. पोरं मग कुणाचंच ऐकत न्हाईत." डब्याचं झाकण त्यांनी घट्ट बसवलं आणि म्हणाल्या, "च्या करू?" काम आहे सांगून मी उठलो.

गॅरेज चालू राहिलं. पण इंजिनाची ताकद वाढवून घेणारी हौशी पोरं दुसरीकडे जाऊ लागली, कॉलेजचं इंजिन फोडलेला माणूस म्हणून. आणि अण्णा बदलले. गिऱ्हाईक आलं की ते निमूट काम करत. "हात द्या" म्हणणं बंद झालं. लोकांना ते बरंच वाटलं असेल.

मी मात्र वर चढत गेलो. दोन वर्षांनी नवी प्रयोगशाळा झाली, काचेची कपाटं आली, आणि मांडायला नमुने हवे होते. त्या इंजिनाचे वाकलेले व्हॉल्व्ह आणि भोक पडलेला पिस्टन मी स्वच्छ करून एका कपाटात ठेवले. खाली स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली: 'अप्रशिक्षित कारागिराने टायमिंग चुकीचे बसविल्याचा परिणाम.' 'टायमिंग चुकल्याचा परिणाम' एवढं लिहून चाललं असतं. ते दोन शब्द माझ्याकडे कुणी मागितले नव्हते. एखादं खोटं पुरेशा वेळा सांगितलं की माणसाला त्यात सुधारणा कराव्याशा वाटतात.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, प्रवेशाच्या दिवसांत, अण्णा माझ्यासमोर उभे होते. मी विभागप्रमुख झालो होतो. ते वाकले होते, केस पांढरे झाले होते. नातीनं मेकॅनिकलला अर्ज भरला होता, ती फीच्या रांगेत होती. "तंवर म्हटलं, लॅब तरी बघून येऊ," ते म्हणाले. नको म्हणायला मला काही कारण सुचलं नाही.

ते एकेका कपाटापाशी थांबत चालले होते. मी मागं. त्या कपाटापाशी ते वाकले. व्हॉल्व्ह ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मग चिठ्ठी वाचू लागले, काचेवरून बोट सरकवत, एकेक शब्द जुळवत. 'अप्रशिक्षित'पाशी बोट अडलं, मागं आलं, परत पुढं गेलं. मी शेजारी उभा होतो. त्या वेळात कबूल करून टाकता आलं असतं, तेवढा वेळ नक्की होता.

बोट पूर्णविरामापर्यंत गेलं. अण्णा सरळ झाले.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "तुमचंच न्हवं सर?"

"हो."

"पोरांना वाचाय सोपं पडतंय." आणि दाराकडे वळता वळता, "नातीला नीट शिकवा. हुशार हाय."

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी चिठ्ठी काढली. ते असताना काढली नाही, गेल्यावर काढली.

नात माझ्या वर्गात तीन वर्षं बसली. पहिल्या बाकावर, प्रश्न विचारणारी. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाला तिनं ते वाकलेले व्हॉल्व्ह बघून विचारलं, "सर, हे टायमिंग कुणी बसवलं होतं?" तिला घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट कळलं. अण्णा तेव्हा हयात होते, सायकलनं गेलो असतो तर दहा मिनिटांवर.

"होता एक शिकलेला माणूस," मी म्हणालो, तो मीच एवढं गाळून.

वर्ग हसला. तीही हसली, आणि तिनं वहीत लिहायला पुढचं पान उलटलं.